वासिल बोयचुकचा वरंबा

मंगळवारी दुपारी तीन चाळीसला ऑफिसातला रेडिओ खरखरला आणि वासिल बोयचुकचा आवाज आला.

"ऑफिस, पूर्वेच्या वेशीशी पोचलो. वळतोय."

तेकलाने कागदावरची नजर न काढता बटण दाबलं. "ऐकलं."

"आज काय आहे?"

"काय म्हणजे?"

"जेवायला गं."

"बिटाचं सूप. कालचं."

"कालचंच बरं लागतं. तुझी आई तर तीन दिवस पुरवायची आणि तिसऱ्या दिवशी म्हणायची, आज जमलं."

"तातो, रेडिओ आहे हा. अख्खी पालिका ऐकतेय."

"ऐकू दे की. माझ्या पोटात काय चाललंय हे इथं कुणाला माहीत नाही?"

अख्खी पालिका म्हणजे एकशे त्रेचाळीस माणसं. ग्रेहेन ग्रामीण पालिकेचा पसारा साडेआठशे चौरस किलोमीटरचा, आणि त्यात एवढीच डोकी. पालिकेला नोकर दोनच. रस्ते बाप, तेकलाचा तातो, बघायचा आणि बाकी सगळं लेक. कर, परवाने, सभांची इतिवृत्तं, उंदरांच्या विषाच्या पिशव्या, हरवलेल्या गाईंची चौकशी, हे सगळं तेकलाकडे. बाप बहात्तर वर्षांचा होता आणि ग्रेडरवर, म्हणजे रस्ते सपाट करणाऱ्या यंत्रावर, बसून त्याला एकोणतीस वर्षं झाली होती. घरोघरी, स्वयंपाकघरातल्या कपाटावर नाहीतर गुरांच्या कोठारात, पालिकेच्याच लहरीवर लावलेला एकेक जुना रेडिओ असायचा. पूर्वी तो आगीच्या आणि वादळाच्या सूचनांसाठी घेतलेला. पण वादळ रोज येत नाही, वासिल मात्र रोज वळायचा. रस्ता कुठलाही असो, साडेतीन ते चारच्या मध्ये तो टोकाला पोचायचा, वळल्याचं सांगायचा, आणि त्या आवाजावर बाया कॉफी चढवायच्या. इर्मा पेनरच्या घरी तर भिंतीवरचं घड्याळ बंद पडून चार वर्षं झाली तरी तिने सेल बदलला नव्हता.

वळण्याला महत्त्व होतं ते कामाच्या रीतीमुळे. खडीचा रस्ता एका खेपेत होत नाही. जाताना ग्रेडरचं पातं तिरकं धरायचं आणि कडेला सरकलेली खडी ओढत रस्त्याच्या मध्यावर आणायची. तिचा गुडघाभर उंच वरंबा तयार होतो, मैलोन्मैल, सरळ. येताना तोच वरंबा फोडून रस्ताभर पसरायचा. नुसतं जाऊन थांबलं तर रस्ता आधीपेक्षा वाईट. "अर्धी दाढी केलेला नवरदेव," वासिल म्हणायचा.

तेकलाच्या पुढ्यात त्या दिवशी पालिकेचं माहितीपत्रक होतं. प्रांताच्या संकेतस्थळावर प्रत्येक पालिकेचं एक पान असतं आणि दर वर्षी ते नव्याने भरून द्यावं लागतं. क्षेत्रफळ, रस्त्यांची लांबी, मुख्य पिकं, प्रेक्षणीय स्थळं. प्रेक्षणीय स्थळांच्या चौकटीत ती दहा वर्षं 'आकाश' लिहीत आली होती आणि दहा वर्षं कुणी हरकत घेतली नव्हती. लोकसंख्येची चौकट ती शेवटी भरायची.

खालच्या खणात, शिक्क्यांच्या डब्याखाली, एक पत्र होतं. सस्काटून शहरातल्या एका ग्रंथालयाचं. या मैदानावरच्या लहान लहान गावांतून एकेकाळी निघणारी वर्तमानपत्रं गोळा करून लावायची होती, आणि त्या कामासाठी त्यांना तेकला बोयचुक हवी होती. उत्तर शुक्रवारपर्यंत.

ती त्रेचाळीस वर्षांची होती. अकरा वर्षांपूर्वी आई आजारी पडली म्हणून दोन महिन्यांची रजा काढून सस्काटूनहून आली होती. आई आठ महिने जगली. मग बापाला चूल पेटवता येत नव्हती. मग पालिकेचे जुने चिटणीस निवृत्त झाले आणि नवा माणूस मिळेपर्यंत म्हणून ती त्या खुर्चीत बसली. नवा माणूस शोधण्याचं काम चिटणिसाचंच असतं. तिने सात वेळा जाहिरात दिली. एक जण येऊन बघून गेला. गाडीतून उतरला, चारी दिशांना बघितलं, म्हणाला, "आणि गाव कुठाय?" लॉर्न ट्वेट, पालिकेचा अध्यक्ष, म्हणाला, "त्यावरच उभे आहात."

अडकायचं तर भिंती लागतात, असं तिने वाचलेल्या बहुतेक पुस्तकांत होतं. ऑफिसच्या खिडकीतून सस्काटूनकडे जाणारा रस्ता वीस मैलांपर्यंत दिसायचा. मध्ये झाडसुद्धा नव्हतं.

संध्याकाळी सात वाजता वासिल घरी आला, दारात बूट आपटले, हात धुतले आणि सुपात दह्याची साय घालून जेवायला बसला. धुळीने त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"माहितीपत्रक झालं?"

"होतंय."

"किती झालो यंदा?"

"यान्झेनबाई शहरात लेकीकडे गेल्या. मॅकफीला मूल झालं. म्हणजे तेवढेच. एकशे त्रेचाळीस."

"दोन बोयचुक धरलेस ना?" हे तो दर वर्षी विचारायचा. "नाहीतर स्वतःला मोजायला विसरशील. तुझी आजी कोंबड्या मोजायची आणि स्वतः खुराड्यात उभी आहे हे विसरायची."

"तिला कोंबड्यांत कशाला मोजायचं?"

"खुराड्यात होती ना?" तो हसला आणि त्याने पाव तोडला. "उद्या उत्तरेचा रस्ता. रेघेपर्यंत. बर्फाने तिकडं खड्डे पाडलेत, आपलं दिवसभराचं."

तेकलाने चमचा खाली ठेवला. वाक्य तयार होतं. सकाळी गाडीत तिने ते दोनदा म्हणून बघितलं होतं.

"तातो."

"हं?"

तो तिच्याकडे बघत होता, ओठाला साय लागलेली. तिने बोटाने आपल्या ओठाकडे खूण केली. त्याने बाहीने पुसलं.

"गेली?"

"गेली," ती म्हणाली आणि भांडी उचलायला उठली.

बुधवारी सकाळी तो निघाला तेव्हा ती न्हाणीघरात होती. दार वाजलं, एवढंच.

उत्तरेचा रस्ता बारा मैल सरळ जातो आणि रेघेपाशी तुटतो. शंभरएक वर्षांपूर्वी मोजणीदारांनी ही जमीन चौकोनांत कापली तेव्हा पृथ्वी गोल असल्याने चौकोन वर जाता जाता जुळेनात. म्हणून दर चोवीस मैलांवर त्यांनी चूक दुरुस्त करून घेतली. तिथं रस्ता एकदम संपतो, पूर्वेला थोडा सरकतो आणि मग पुन्हा उत्तरेला लागतो. परका माणूस सरळ चरात जातो. इथल्या माणसांचे हात झोपेतही चाक वळवतात. त्या रेघेलाच ग्रेहेन पालिका संपते आणि तिथंच ग्रेडर वळतो.

साडेतीनला तेकलाने रेडिओचा आवाज बारीक केला. अगदी बारीक. तिला सस्काटूनला फोन करायचा होता आणि खरखर पलीकडे ऐकू जायला नको होती. खरंतर तिला तिकडची खरखर इकडे आणि इकडची तिकडे, काहीच नको होतं. अर्धा तास तरी.

फोनवरची बाई मोकळी होती. तिने कामाचं सांगितलं, मग नदीकाठच्या एका दोन खोल्यांच्या घराचं सांगितलं. तेकलाने विचारलं, खिडकी कुठल्या दिशेला आहे? बाई म्हणाली, समोरच्या इमारतीकडे. "काही दिसत नाही हो." तेकलाला हसू आलं. काही न दिसणारी खिडकी तिला हवीच होती. ती मोठ्याने हसली, बऱ्याच दिवसांनी, आणि आपलं हसणं ऑफिसात कसं घुमतं हे तिच्या लक्षात आलं. शेवटी ती म्हणाली, "मी शुक्रवारी नक्की सांगते." पण आवाजावरून दोघींनाही कळलं होतं.

फोन ठेवला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने रेडिओचा आवाज मोठा केला. काही नव्हतं.

"ऑफिसकडून ग्रेडरला. तातो, वळलात का?"

खरखर.

"तातो?"

त्याच क्षणी फोन वाजला. इर्मा पेनर.

"तेकला, पोरी, अर्ध्या तासापासून फोन लावतेय मी. वासिल तुला बोलवत होता गं."

ग्रेडर रेघेच्या अलीकडे चारशे पावलांवर उभा होता. इंजिन चालू, पातं जमिनीवर टेकलेलं, ब्रेक लावलेला, छतावरचा पिवळा दिवा फिरत असलेला. माणसाने सगळं रीतसर केलं होतं. डॉक्टर म्हणाला, हृदय. इस्पितळ पंच्याहत्तर किलोमीटरवर. कुणी लगेच निघालं असतं तरी पोचलं नसतं. हे त्याने तेकलाला तीनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा तिचा हात धरून सांगितलं.

दफनानंतर सभागृहात जेवण होतं. लांब टेबलांवर अंड्याचे सँडविच, कोबीची पानं भरून केलेल्या गुंडाळ्या, आणि खजुराच्या सारणाचे चौकोन, ज्यांना इथं लग्नाचा केक म्हणतात आणि जे मर्तिकालाच जास्त होतात. एकशे बेचाळीसमधली शंभरएक माणसं आली होती. इर्मा तेकलाच्या शेजारी बसली होती, तिच्या बशीत न मागता वाढत.

"मी कॉफीचं भांडं हातात घेऊन उभीच," इर्मा समोरच्या बायकांना सांगत होती. "म्हटलं, आता वळेल. तर म्हणाला, 'ऑफिस.' मग थांबला. मग म्हणाला, 'तेकलुन्या.' रेडिओवर तिला या लाडाच्या नावाने कधी हाक मारायचा नाही हो. मग काही नाही. म्हटलं पोरगी बाथरूमला गेली असेल. फोन लावला तर एंगेज. परत लावला, परत एंगेज."

 सगळ्यांच्या नजरा आपापल्या बशीत.

लॉर्न ट्वेटने घसा साफ केला. धिप्पाड माणूस, साठीचा, कोट घातला की उसना वाटायचा. "सरकारी फोन असणार. वरून फोन आला की पाऊण तास. त्या लोकांना तोंड आवरता येत नाही."

"हो ना," कुणीतरी म्हणालं.

"मे महिना. माहितीपत्रकाच्या मागं लागतात."

"पोरीला कसला ताप देतात."

सगळ्यांनी तेकलाकडे बघितलं, मायेने. तिने मान हलवली. हो म्हणून. एवढीशी. आणि ती हलवत असतानाच तिला कळलं की आता ही मान परत मागे नेता येणार नाही.

शुक्रवारी तिने ग्रंथालयाला कळवलं की वडील गेले, थोडा वेळ हवा. त्यांनी जूनच्या मध्यावरच्या सोमवारपर्यंत दिला, त्यापुढे नाही.

वरंब्याचं पुढे जे झालं ते दुसरीकडे कुठं झालं नसतं.

ग्रेडर कुणीतरी हाकत शेडमध्ये आणून लावला, पण वरंबा तसाच राहिला. बारा मैल, रस्त्याच्या मधोमध. शेजारच्या पालिकेचा ग्रेडरवाला मदतीला आला, त्याने पूर्वेचा आणि दक्षिणेचा रस्ता केला. उत्तरेकडे निघाला तर लॉर्न आडवा आला. "तो राहू दे."

"का?"

"तो वासिलचा आहे."

त्या माणसाने खांदे उडवले आणि गेला. मग सगळी पालिका रस्त्याच्या एकाच बाजूने जायला लागली. कुणी ठरवलं नव्हतं. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा पश्चिमेची बाजू. समोरून गाडी आली की ज्याचं फाटक जवळ तो मागे जायचा. शाळेची बस अर्धा मैल उलटी आली. बियाणं पेरायचे दिवस होते, अवजारं रस्त्याच्या रुंदीची, ती लोकांनी शेतांतून फिरवून नेली. मॅकफीने अंधारात वरंब्यावर गाडी घातली, तळाची तेलाची टाकी फोडली, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन तेकलाची माफी मागितली.

"माझी कशाला?"

"नाही, म्हणजे, थोडा विस्कटला ना. मी फावड्याने परत लावलाय."

 त्या माणसाच्या घरी सहा आठवड्यांचं मूल होतं आणि तो पहाटे उठून खडी रचत होता.

ती रोज त्या रस्त्याने जायची. घर चौथ्या मैलावर. ऑफिसला येताना डाव्या हाताला वरंबा, उजव्या हाताला चर, मध्ये गाडीपुरती जागा. वरंब्यावर आता गवताची पाती उगवू लागली होती. गोफरांनी, खारीसारख्या बिळात राहणाऱ्या प्राण्यांनी, त्यात बिळं केली होती आणि ती मागच्या पायांवर उभी राहून तिच्या गाडीकडे बघायची. घरी गेली की ओट्यावर झाकलेलं भांडं असायचं. कधी इर्माचं, कधी दुसऱ्या कुणाचं. भांड्याखाली नाव लिहिलेली चिकटपट्टी, म्हणजे परत करायला जावं लागणार. गेलं की बसावं लागणार. बसलं की कुणीतरी म्हणणार, "त्या वेळी नेमका फोन यायचा होता गं," आणि तिने मान हलवायची. बावीस घरं झाली. ती मोजत होती, कारण मोजण्याची सवय होती.

कुणीतरी एकदा तरी विचारावं असं तिला वाटायचं. कुणाचा फोन होता? पण असं विचारणारी माणसं इथली नव्हती. ते तिला वाचवत होते, आणि त्यासाठी त्यांनी तिला सगळ्या बाजूंनी धरून ठेवलं होतं.

जूनच्या सभेला सहाही सदस्य आले. कॉफीचं मोठं भांडं उकळत होतं. तेकला इतिवृत्त लिहायला बसली तर लॉर्न म्हणाला, "पेन ठेव जरा. हा विषय तुझा आहे."

तिने पेन ठेवलं.

"पहिलं म्हणजे, उत्तरेच्या रस्त्याला वासिलचं नाव द्यायचं. एकमताने."

"एकमताने," बाकीचे म्हणाले.

"दुसरं, ग्रेडरचं. माणूस मिळत नाही. जाहिरात तूच दिलीस, तुला माहीत आहे. आता, तू सोळा वर्षांची असताना हे यंत्र चालवायचीस—"

"शेडच्या आवारात, लॉर्न. दोन उन्हाळे."

"वासिल सांगायचा, माझ्यापेक्षा पोरीचा हात सरळ आहे."

"ते बढाया मारत होते."

"वासिल? बढाई?" हॅरल्ड फ्रीसन नावाचा म्हातारा सदस्य म्हणाला. "त्याला स्वतःच्या मुलीची स्तुती करायची तर आधी दोन बियर लागायच्या. आणि मग म्हणायचा, बरी आहे."

हसले सगळे. तीही हसली. लॉर्नने ती संधी साधली.

"त्याच्या चाळीसाव्या दिवसाची प्रार्थना रविवारी आहे. प्रार्थना झाली की तू जाऊन तो वरंबा पसरून ये. बाकी कुणी हात लावणार नाही, तुलाही माहीत आहे. आणि मग जमलं तर, आठवड्याचे दोन दिवस रस्ते, तीन दिवस ऑफिस. पगार त्याप्रमाणे. बघ, मी स्पष्ट बोलतो. चिटणीस नाही, ग्रेडर नाही, तर प्रांतवाले आम्हाला दोन वर्षांत शेजारच्या पालिकेत ढकलतील. ग्रेहेन नावाची पाटीसुद्धा राहणार नाही. तू आहेस म्हणून आम्ही आहोत."

"मला विचार करू दे," ती म्हणाली.

"कर की. घाई कुठाय?" लॉर्नने तिच्या खांद्यावर हात ठेवला. जड, गरम हात होता. "माहितीपत्रक तेवढं सोमवारी जायला हवं. लोकसंख्येची चौकट रिकामी दिसली मला. एकशे बेचाळीस ना?"

"हो," ती म्हणाली. पण तिने ते लिहिलं नाही.

रविवारी लाकडी चर्चमध्ये प्रार्थना झाली. पाद्री दुसऱ्या गावाहून यायचा, त्याची चार चर्चं होती. मध आणि गव्हाचा प्रसाद सगळ्यांनी एकेक चमचा घेतला. मग तेकलाने बापाचा कामाचा डगला चढवला आणि शेडकडे गेली. सगळी माणसं मागोमाग आली, लांब उभी राहिली. ग्रेडर धुतलेला होता. कुणी धुतला हे तिने विचारलं नाही.

"ऑफिसात मी बसतो," लॉर्न म्हणाला. "टोकाला पोचलीस की सांग. नेहमीसारखं."

केबिनमध्ये अजून त्याचा वास होता. डिझेल, धूळ, पुदिन्याच्या गोळ्या. बसण्याची उशी त्याच्या आकाराची दबलेली. पातं वर उचलून, पश्चिमेच्या बाजूने, ती उत्तरेला निघाली. घरांच्या अंगणांत माणसं उभी होती, काहींनी हात वर केला. चौथ्या मैलावर तिचं स्वतःचं घर मागे गेलं. आठव्यावर इर्माचं घर. इर्मा ओट्यावर उभी होती, ॲप्रन घातलेली. मग घरं संपली. दोन्हीकडे नुकतं उगवलेलं मसुराचं पीक, मधूनच पाण्याची डबकी आणि त्यांच्या काठी बदकं. बारा मैल ती उजव्या हाताला वरंबा ठेवून चालली होती. चाळीस दिवस त्याच्या एकाच अंगाने येऊन जाऊन तिला वाटत होतं की आपल्याला तो पाठ झालाय. पण उंचावरून तो वेगळा दिसत होता. कुठंही वाकडा नव्हता. शेवटच्या मैलातसुद्धा नाही. तिथं मात्र, रेघेच्या अलीकडे चारशे पावलांवर, तो हळूहळू बारीक झाला नव्हता. एकदम संपला होता. तिथं ती थांबली नाही.

रेघेपाशी रस्ता तुटला. तिच्या हातांनी आपोआप चाक फिरवलं. मोकळ्या जागेत तिने ते अवजड यंत्र पुढेमागे करत वळवलं आणि तोंड दक्षिणेला करून थांबवलं. समोर बारा मैल. त्यांच्या टोकाला ऑफिसजवळची पाण्याची टाकी दिसत होती, बोटाच्या पेराएवढी.

घड्याळात तीन अडतीस झाले होते.

रेडिओ उजव्या हाताला लटकत होता. हात लांब केला की पुरेल एवढ्या अंतरावर. त्याने त्या दिवशी असाच हात लांब केला असणार. पहिल्यांदा 'ऑफिस' म्हणाला. मग थांबला, उत्तराची वाट बघत. ती किती वेळ बघितली असेल? त्या वेळी ती विचारत होती, खिडकी कुठल्या दिशेला आहे.

तिने बटण दाबलं.

"ऑफिस, रेघेपाशी पोचले. वळले."

"ऐकलं," लॉर्न म्हणाला.  "ऐकलं, पोरी. सावकाश ये. कॉफी तयार आहे."

तिने बटण सोडलं. आता पातं खाली टेकवायचं, तिरकं करायचं आणि निघायचं. चारशे पावलांनंतर वरंबा फुटायला लागेल, संध्याकाळपर्यंत रस्ता सपाट होईल, लोक दोन्ही बाजूंनी जातील. उद्या ती चौकटीत एकशे बेचाळीस लिहील. पुढच्या बुधवारी ती पुन्हा इथं असेल. आणि कुणी कधीच विचारणार नाही.

अंगणांतून, स्वयंपाकघरांतून, कोठारांतून माणसं कान देऊन बसली होती हे तिला माहीत होतं. त्यांना दुसरीकडे बोलावून, एकेकाला बसवून सांगणं तिला कधी जमलं नसतं. बावीस घरी जमलं नव्हतं.

तिने पुन्हा बटण दाबलं.

"लॉर्न, अजून बोलायचंय. मध्ये बोलू नका."

"बोल."

"त्या दिवशी फोन सरकारी नव्हता. मीच लावला होता. सस्काटूनच्या ग्रंथालयाला, नोकरीसाठी. बोलताना खरखर नको म्हणून मी रेडिओचा आवाज बारीक केला होता. इर्मा, तुम्ही ऐकलंत ते मी ऐकलं नाही, कारण मी हसत होते."

 इंजिन धडधडत होतं. काचेवर एक टोळ येऊन बसला आणि उडाला.

"चौकटीत मी एकशे एक्केचाळीस लिहिणार आहे. हा रस्ता पूर्ण करून देते आणि मग जाते."

तिने बटणावरचा अंगठा काढला नाही. काढला असता तर कुणीतरी मायेने काहीतरी बोललं असतं. समोर वरंबा सरळ गेला होता, तिच्या बापाच्या हाताचा, गवत उगवलेला. ती त्याच्याकडे बघून बोलली, मोठ्याने, सगळ्यांच्या देखत.

"तातो, मला इथं राहायचं नव्हतं. एकही वर्ष. तुमच्यासाठी राहिले असं सगळे म्हणतात, मीही म्हणू दिलं, पण ते खरं नाही. तुमच्या तोंडावर सांगायची हिंमत नव्हती म्हणून राहिले. मंगळवारी सांगणार होते. सूप जेवताना. तुमच्या ओठाला साय लागली होती, आणि मला तुम्ही इतके आवडलात की मी बोललेच नाही."